खाणीच्या पाण्यातला मजला

१

वाघोलीच्या मागच्या अंगाला दगडाची एक जुनी खाण आहे. दगड संपला, खाण बंद पडली, पावसाचं पाणी साठत गेलं आणि पुढे एका बिल्डरने तिच्या काठावर अकरा मजली इमारत उभी करून तिचं नाव 'सरोवर हाइट्स' ठेवलं. गावातली माणसं आजही त्या पाण्याला खाणच म्हणतात. फ्लॅट घेतलेल्यांना मात्र 'लेक' म्हणणं भाग आहे, कारण खाणीकाठी घर घेतलं असं सांगितलं तर व्याही काय म्हणतील?

या लेकचे सगळ्यात मोठे भक्त म्हणजे अकराव्या मजल्यावरचे भीमराव गजभिये. मूळचे नागपूरकडचे, पण नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आले आणि इथलेच होऊन गेले. उभं आयुष्य त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात घालवलं. त्यांच्या हाताखालून शाळा गेल्या, दवाखाने गेले, लहानमोठे पूल गेले, पण रेघ कधी वाकडी गेली नाही. निवृत्तीला मुलीने, सृष्टीने, हैदराबादहून कॅमेरा पाठवला आणि गृहस्थ पुन्हा नोकरीला लागल्यासारखे कामाला लागले.

रोज उजाडलं की खाणीला वळसा घालून पलीकडच्या काठावर जायचं, तिथल्या सपाट काळ्या दगडावर उभं राहायचं आणि समोर येईल ते टिपायचं. कधी खंड्या, कधी वंचक नावाचा भुरा बगळा, कधी पाण्यावर तरंगत आलेलं शेवरीचं बोंड. घरी येऊन त्यातला एक फोटो 'सुप्रभात' लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर त्या वेळी पाण्याच्या टँकरवरून जुंपलेली असे. त्या भांडणाच्या मधोमध एखादा बगळा येऊन उभा राहिला की माणसं घटकाभर गप्प बसत.

"काल हाच बगळा होता ना?" त्यांच्या बायकोने, मंदाकिनीबाईंनी, चहा पुढे ठेवत विचारायचं.

"काल वंचक होता."

"त्याला तरी ठाऊक आहे का, तो वंचक आहे ते?"

मंदाकिनीबाईंची जीभ अशीच होती. गुडघे दुखत, पण जिभेला कसलंही दुखणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या माणसाने कॅमेऱ्यात सगळं रान गोळा केलं, बायको मात्र एकदाही नाही. भीमराव म्हणत, "काढू की, कुठे पळून जातेस!" आणि विषय तिथेच राही.

२

उन्हाळा सुरू झाला होता. मंदाकिनीबाईंनी गच्चीवर मुगवड्या घालायला सुरुवात केली होती. गच्ची त्यांच्या डोक्यावरच, जिना एकच, म्हणून गच्चीची किल्लीही गजभियांकडेच असायची. अशाच एका सकाळी वारा अगदी पडला. खाणीचं पाणी इतकं निश्चल होतं, की समोरची अख्खी इमारत त्यात उलटी उतरली होती. तळमजला समोरच्या काठाला आणि गच्ची इकडे, भीमरावांच्या पायाशी. त्यांनी वरची खरी इमारत सोडून दिली आणि फक्त पाण्यातली चौकटीत धरली. घरी येऊन फोटो उलटा फिरवला. उलट्याचं सुलटं झालं, नुसत्या कडा थोड्या थरथरलेल्या. हौशी फोटोवाल्यांची ही जुनी गंमत. खाली 'ओळखा पाहू, यात वेगळं काय?' असं लिहून त्यांनी तो ग्रुपवर टाकला.

पहिलं उत्तर सेक्रेटरी आनंदचं आलं. आनंद नवव्या मजल्यावर राहायचा, आयटीत होता, लॅपटॉप शेजारी ठेवल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. 'काका, कसलं एडिटिंग आहे! एक फ्लोअर एक्स्ट्रा टाकलात ना? बिल्डरला दाखवू नका, उद्या बुकिंग सुरू करेल.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

एडिटिंग हा शब्द भीमरावांना शिवीसारखा लागला. त्यांनी फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला, पेन्सिलीचं टोक प्रत्येक मजल्याला टेकवलं आणि मोजलं. पुन्हा खालून वर मोजलं. बारा.

त्यांची स्वतःची खिडकी ओळखू येत होती. तिच्या वर लगेच गच्चीचा कठडा हवा होता. तो होता, टाक्याही होत्या, पण एक मजला वर सरकलेल्या. मधे एक मजला होता. विटांच्या उघड्या भिंती, गिलावा नाही, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोकं आणि पुढे बाल्कनी.

नकाशे काढण्यात जन्म घालवलेल्या माणसाला इमारतीचा मजला दुसऱ्याने दाखवावा, याची आधी लाज वाटली. भीती मागाहून आली, आणि ती त्यांनी झटकून टाकली. पाणी हललं असेल, आपलाच मजला दोनदा उमटला असेल. तरी ते गच्चीवर जाऊन आले. घराबाहेरून एकच जिना, वर लोखंडी दार, दाराबाहेर टाक्या, डिश अँटेना आणि जुन्या साडीवर ओळीने वाळणाऱ्या मुगवड्या. त्यांनी पाय आपटून पाहिला. खालून मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "अहो, झुंबर पडेल!" झुंबर त्यांच्या घरात नव्हतंच.

३

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर दगडावर जाऊन उभे राहिले. पाण्यावर बारीक वारा होता, इमारतीच्या नुसत्या चिंध्या दिसत होत्या. बगळा आला, उभा राहिला, कंटाळून उडून गेला. भीमरावांनी त्याचा फोटो काढला नाही. शेवटी वारा थांबला, पाणी हळूहळू जुळत आलं आणि त्यांनी कॅमेरा न लावता नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

मजला होता. त्यांच्या चपलेपासून हातभर अंतरावर, पाण्यात. त्यांनी मान वर करून खरी इमारत पाहिली. अकरा. खाली पाहिलं. बारा. मग एक खडा उचलून त्यांनी पाण्यात टाकला, स्वतःच्याच मनाला गप्प करायला टाकतात तसा. सगळं विस्कटलं, पुन्हा जुळलं, आणि मजला जिथल्या तिथे आला.

आता विटा दिसत नव्हत्या. भिंतींना गिलावा झाला होता.

नीट पाहायला ते खाली बसले. बसल्यावर पाणी आणखी जवळ आलं, म्हणून ते पुन्हा उठले आणि मागे वळून न पाहता घरी आले. त्या दिवशी ग्रुपवर त्यांनी जुना बगळाच टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे काही दिवस ते रोज जात राहिले. जायला नको असं वाटायचं आणि सकाळ झाली की चपला पायात जायच्या. जुने फोटो त्यांनी सगळे धुंडाळले. महिन्याभरापूर्वीच्या फोटोंत गच्ची बरोबर जागेवर होती. म्हणजे डोळे ठीक होते, कॅमेरा ठीक होता. नव्या फोटोंत मात्र काम पुढे सरकत होतं. खिडक्यांना काचा बसल्या. भिंतींना रंग लागला. बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी आली. कामगार मात्र एकाही फोटोत नव्हता.

भीमराव स्वतःशी म्हणायचे, अरे, तू विज्ञान मानणारा माणूस. बाबासाहेबांची तसबीर घरात लावतोस आणि पाण्याला भितोस? असं म्हटलं की तेवढ्यापुरता धीर यायचा.

४

मग तिथे पडदा आला.

तो फोटो त्यांनी मोठा केला आणि हातातला चहाचा कप पुन्हा बशीत ठेवला. हिरव्या कापडावर कोयरी, आणि कापड कमी पडलं म्हणून खालच्या बाजूला साध्या पांढऱ्या कापडाची जोड. सृष्टीच्या पहिल्या वाढदिवसाला नेसलेली साडी फाटली तेव्हा मंदाकिनीबाईंनी तिचा तो पडदा शिवला होता. असा पडदा दुकानात मिळत नाही. आत्ता तो भीमरावांच्या डोक्यामागेच खिडकीला लटकत होता. आणि तोच वर, नसलेल्या मजल्यावर, नसलेल्या खिडकीला.

पुढच्या फोटोत बाल्कनीत फुटक्या बादलीत लावलेला कढीलिंब होता. त्याच्या पुढच्या फोटोत आरामखुर्ची होती. तिचा एक हात मोडल्यावर सुताराने वेगळ्या लाकडाचा बसवला होता, तो वेगळा रंगही दिसत होता. कुणीतरी तिथे संसार मांडत होतं. कुणा परक्याचा नव्हे, त्यांचाच.

भीमरावांनी घरात फिरून एकेक वस्तू पाहिली. सगळं जागेवर होतं, काहीही गेलेलं नव्हतं. जे इथे होतं तेच तिथेही जमत होतं, आणि आता जवळजवळ सगळं जमलं होतं. माणसं तेवढी यायची राहिली होती.

हे मनात आलं आणि ते तडक बायकोला शोधत निघाले. स्वयंपाकघरात मंदाकिनीबाई मुगाची डाळ वाटत होत्या, आणि गच्चीवर जाण्यासाठी गुडघ्याला तेल लावून ठेवलं होतं.

"आज वर जाऊ नकोस," ते म्हणाले.

"मग वड्या कुठे घालू? तुमच्या टकलावर?"

"मंदा, मी सांगतो म्हणून."

त्यांचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या. भीमरावांनी फोटो दाखवला. मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला, पडदा पाहिला, खुर्ची पाहिली, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही कॉम्प्युटरवर केलंत ना हो? आनंद म्हणतो तसं?"

भीमरावांना तो चेहरा बघवेना. "हो," ते म्हणाले. "गंमत केली जरा."

"मेली ती गंमत! काळजाचं पाणी झालं माझ्या," असं म्हणून त्या डाळीचं पातेलं घेऊन जिना चढून गेल्याही. भीमराव दारात उभे राहून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले. लोखंडी दार करकरलं, वर पावलं वाजली, आणि काही वेळाने त्या परत आल्या तेव्हाच ते दारातून हलले.

५

रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, की मोजमाप घ्यायचं. ज्याचं माप घेता येतं त्याला घाबरायचं कारण नाही, हे त्यांना खात्याने शिकवलं होतं. लांबून इमारतीची उंची ठरवायची तर वर पट्टी धरून एक माणूस उभा करायचा. मग किती दूर आहे, किती उंच आहे, सगळं त्या माणसावरून कळतं. खऱ्या गच्चीवर कुणी उभं राहिलं आणि पाण्यातही ते त्या जास्तीच्या मजल्याच्या डोक्यावर, गच्चीतच दिसलं, तर मजला म्हणजे नुसता पाण्याचा खेळ. प्रकरण तिथेच मिटेल आणि मंदाकिनीला गच्चीवर जायला पुन्हा अडवावं लागणार नाही.

आता, वर स्वतः उभं राहून खाली दुसऱ्या कुणाला बघायला पाठवता आलं असतं. आनंद एका पायावर आला असता. पण दुसऱ्याने घेतलेलं माप भीमरावांनी जन्मात कधी मानलं नव्हतं. डोळा त्यांचाच हवा. मग वर उभं राहायला माणूस उरला एकच.

"उद्या सकाळी तुझा फोटो काढायचा म्हणतो," ते म्हणाले. "तू गच्चीवर उभी राहायचंस, मी पलीकडून काढीन. पाण्यात पण येशील."

मंदाकिनीबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझा?"

"पिवळी साडी नेस. लांबून उठून दिसेल."

"बगळे संपले वाटतं खाणीतले," त्या म्हणाल्या. पण त्या खुलल्या होत्या, हे काही लपलं नाही. संध्याकाळी त्यांनी कपाटातून पिवळी साडी काढली, इस्त्री केली, आणि सृष्टीला फोन करून सांगितलं, "तुझ्या बाबांना शेवटी सुचलं बघ." ते ऐकताना भीमरावांना भरून आलं. इतक्या साध्या गोष्टीला आपण इतकी वर्षं लावली, असं वाटून त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि तरीही खरं कारण त्यांनी सांगितलं नाही.

६

सकाळी पाण्यावर एक सुरकुती नव्हती. भीमरावांनी कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला आणि बायकोच्या मोबाइलवर फोन लावला.

"निघाले हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पदर पिनअप करत होते. फोटोत पदर उडाला तर लोक म्हणतील हवाई सुंदरी."

"फोन चालूच ठेव. वर पोचलीस की सांग."

चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. दर पायरीला एक उसासा. भीमराव गच्चीकडे डोळे लावून बसले. कठडा रिकामा, आकाश रिकामं. पाण्यात मजला तयार होता, पडदा ओढलेला, खुर्ची बाल्कनीत.

"पोचलीस?"

"अहो थांबा, गुडघे वळतात का माझे!" मग थोड्या वेळाने, "आज जिना संपतच नाही बाई."

"वय झालं तुझं."

"तुमचं नाही झालं वाटतं. हां, आलं दार." चपलांचा आवाज थांबला. "हे दार बदललं का हो सोसायटीने? लाकडी दिसतंय."

गच्चीचं दार लोखंडी होतं. हे भीमरावांना नक्की ठाऊक होतं. पण त्याहून नक्की ठाऊक होतं ते हे, की या जिन्यावर गच्चीशिवाय दुसरं दारच नाही. हा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. "असेल बदललं," ते म्हणाले. "तो आनंद काही कळवतो का कधी? ढकल आणि बाहेर ये लवकर, ऊन वर येतंय."

दार उघडल्याचा आवाज झाला. करकरलं नाही.

मग फोनमधला आवाज बदलला. जिन्यातला घुमारा गेला. उघड्यावरचा मोकळेपणा त्यात यायला हवा होता, तो आलाच नाही. बंद खोलीत बोलल्यासारखा आवाज झाला.

"अहो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी आपल्याच घरात कशी आले?"

भीमरावांनी पायाशी पाहिलं. पाण्यात, हिरव्या पडद्यामागे, काहीतरी पिवळं हललं. पडद्याची कड बाजूला झाली आणि काचेवर एक हात टेकला. त्यांनी मान वर केली. खरी गच्ची रिकामी होती. खरी खिडकी, त्यांच्या घराची, तीही रिकामी.

"मंदा, बाहेर पड! आल्या पावली मागे फिर!"

"फिरले हो," त्या म्हणाल्या. "पण दार होतं तिथे भिंतच आहे."

७

भीमराव धावले. कॅमेरा तिथेच राहिला, एक चप्पल चिखलात राहिली. फोन कानाला होता. मंदाकिनीबाई बोलत होत्या, आणि थांबल्या की भीमराव 'बोलत राहा' म्हणत होते. त्या सांगत होत्या की खुर्ची आपलीच आहे, तसबिरीसुद्धा आहेत. फक्त घड्याळ चालत नाही, नळाला पाणी नाही आणि खिडकीतून खाली आवार दिसत नाही. खाली नुसतं हिरवं आहे, खाणीच्या पाण्यासारखं.

"बाहेर डोकावू नकोस. बसून राहा. मी आलोच."

"काहून हो असं झालं?" घाबरल्या की त्यांची नागपूरकडची बोली वर यायची. "मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. मी केलं, मंदा. तो फोटो खोटा नव्हता. मला ठाऊक होतं आणि मी तुला वर पाठवलं."

मग त्या म्हणाल्या, "या लवकर." त्या एक शब्दही लावून बोलल्या नाहीत, आणि त्यानेच भीमरावांना रडू फुटलं.

लिफ्टमध्ये आनंद होता. "काका, अनवाणी? ऑल ओके ना?" भीमरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो नवव्या मजल्यावर उतरला. अकराव्यावर लिफ्ट उघडताच ते घराच्या बंद दारावरून तसेच जिन्याकडे वळले. जिना नेहमीएवढाच होता. वर लोखंडी दार होतं, सताड उघडं. बाहेर टाक्या, अँटेना, साडीवर वाळणाऱ्या मुगवड्या, आणि लखलखीत ऊन. माणूस नाही.

"मी गच्चीवर आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "तू कुठे आहेस?"

"डोक्यावर कुणी चालतंय," त्या कुजबुजल्या.

भीमरावांनी पाय आपटला.

"हो, हो! तेच! तुम्हीच आहात का हो? पुन्हा वाजवा!"

ते गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळव्यांनी फरशी बडवू लागले. तळवे भाजत होते. त्या दोघांच्या मधे वीतभर जाडीचा स्लॅब होता आणि त्याच्याखाली, नकाशाप्रमाणे, त्यांचं स्वतःचं घर होतं. हीच खोली, हीच खुर्ची, हाच पडदा. म्हणजे ती घरातच असेल. चक्कर आली असेल, भ्रम झाला असेल, जिना चढलीच नसेल. सगळं समजावून सांगता येईल. दार उघडायचं आणि तिला आत बघायचं, बस.

"मंदा, हलू नकोस. मी खाली येतोय. दार उघडतो."

भिंतीला हात लावून ते उतरले. प्रत्येक पायरीवर भिंत चाचपून पाहिली, कुठे फट, कुठे कड लागते का. कुठेच काही लागलं नाही. नुसता थंड चुना. जिना सरळ अकराव्या मजल्यावर आला आणि त्यांनी घराची बेल वाजवली.

दार लगेच उघडलं.

दारात मंदाकिनीबाई उभ्या होत्या. पिवळी साडी, पदर नीट पिनअप केलेला. आतून आल्याच्या चहाचा वास येत होता. "किती वेळ लावलात! आणि हे काय, अनवाणी?" त्या हसल्या.

भीमरावांच्या तोंडून हुंदका फुटला. त्यांनी तिचा हात धरला. हात उबदार होता, ओळखीचा होता, बोटावर विळीची जुनी खूण होती. "आहेस ना तू?" ते म्हणाले. "घरातच आहेस ना? मी मेलो होतो गं."

"मी कुठे जाणार? या आत."

ते उंबऱ्याच्या आत आले. दार मागे लागलं. आणि मग त्यांना कळलं की आपला दुसरा हात अजून कानाशीच आहे, आणि फोन चालू आहे.

"अहो," फोनमधून मंदाकिनीबाई म्हणाल्या, अगदी हळू, तोंडावर हात धरून बोलावं तसं. "मला खालून तुमचा आवाज येतोय. तुम्ही खाली कुणाशी बोलताय?"

भीमरावांनी समोर पाहिलं. पिवळ्या साडीतली बाई तशीच हसत होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"अहो, ती कोण आहे? ती माझ्यासारखी काहून बोलतेय?"

तिने ते ऐकलं. फोनमधला प्रत्येक शब्द तिने ऐकला. ती पुढे आली, मायेने भीमरावांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि त्यांच्या हातातला फोन काढून घेतला.

"ठेवा आता," ती म्हणाली. "होईल तिला सवय."